घासायचे किती आणि कोणासाठी?



धानाची कापणी संपली की आपल्या मोहाडी भागात एक काम हमखास मागे पडते. कापणीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच घाई असते. मजुरी द्यायची असते, भारे बांधायचे असतात, मळणीची पाळी लावायची असते. त्या गडबडीत विळा जसा बांधीतून आला तसाच, चिखल आणि धानाच्या चिकासकट, वळचणीला खोचला जातो. पुढच्या हंगामात तो बाहेर काढला की त्यावर लालसर खरखरीत थर आणि दात्यांची धार गेलेली! मग लोहाराकडे धाव, नाहीतर नवा विळा.

त्याच घरात थोड्याच आठवड्यांनी नाताळाची साफसफाई निघते. शोकेसमधली पितळेची फुलदाणी, कधीही पेटवली न जाणारी समई, कोणीतरी भेट दिलेले तबक हे सगळे चिंच, लिंबू, राख, पितांबरी जे मिळेल त्याने घासून असे लखलखीत होते की तोंड पाहावे. ज्या विळ्याने वर्षाचे अन्न घरात आणले तो जंगत पडलेला असतो, आणि जी फुलदाणी कधी पाण्याचा थेंबही धरत नाही ती आरशासारखी चमकत असते.

यात पाप काही नाही, हे आधीच सांगतो. पण विचार करण्यासारखे जरूर आहे. आपण वस्तू घासतो तेव्हा ते नेमके कोणासाठी करतो? वस्तूसाठी, स्वतःसाठी, येणाऱ्या पाहुण्यासाठी, की आणखी कोणासाठी? आणि घासण्याला काही मर्यादा असते का?

काहींना वाटेल, हा घरकामाचा विषय, याचा नीतीशी काय संबंध? ख्रिस्तसभेच्या परंपरेत मात्र हा संबंध फार जुना आहे. सहाव्या शतकात इटलीमध्ये संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. प्रार्थना, मौन, आज्ञापालन अशा मोठ्या विषयांबरोबर त्यात एक अख्खा अध्याय, 32 वा, मठाच्या हत्यारांवर आणि सामानावर आहे. मठाधिपतीने सर्व वस्तूंची यादी ठेवावी, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना आपण काय दिले आणि काय परत घेतले हे त्याला कळेल, असे त्यात सांगितले आहे. जो बंधू मठाची वस्तू घाणेरडी ठेवील किंवा निष्काळजीपणे वापरील त्याला समज द्यावी, असेही आहे. त्याच्या आधीच्या 31 व्या अध्यायात कोठी सांभाळणाऱ्याला ते सांगतात की मठातील साधी भांडी आणि सामान वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकेच मानावे. आणि 35 व्या अध्यायात स्वयंपाकघरात आठवडाभर सेवा करणाऱ्याने शनिवारी सगळी साफसफाई करावी आणि भांडी स्वच्छ व धड अवस्थेत परत द्यावीत, म्हणजे ती पुढच्या आठवड्याच्या सेवकाला देता येतील, असा नियम आहे.

या तीन अध्यायांत 'चकाकी' हा विषयच नाही, याकडे लक्ष द्या. कुदळ आरशासारखी दिसावी असे संतांनी कुठे म्हटलेले नाही. त्यांना काळजी आहे ती पुढच्या माणसाची. आज माझ्या हातात असलेले फावडे उद्या दुसऱ्याच्या हातात जाणार आहे. ते मी कशा स्थितीत देतो यावरून मी त्या बंधूला काय समजतो ते कळते. मला वाटते, घासण्याची खरी कसोटी इथे सापडते. जी सफाई पुढच्या हाताच्या उपयोगी पडते ती कर्तव्य आहे. जी केवळ डोळ्यांसाठी आहे ती हौस आहे. हौसेलाही जागा असते, तिच्याकडे पुढे येऊच. पण हौसेला कर्तव्य समजू नये, आणि कर्तव्य विसरून हौस करू नये.

आता प्रत्यक्ष धातूंकडे पाहू, कारण प्रत्येक डाग सारखा नसतो.

आपल्या विदर्भात शब्दांची एक गंमत आहे. पुण्या-मुंबईकडचा पाहुणा 'गंज घासून ठेव' हे ऐकून गोंधळतो. त्याच्या भाषेत गंज म्हणजे लोखंडाला लागलेला लाल रोग, तर आपल्याकडे गंज म्हणजे वरण शिजवायचे भांडे. रोगाला आपण जंग म्हणतो. या लेखात मी आपलाच शब्द वापरतो.

जंग हा लोखंडाचा खरा शत्रू आहे. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आले की तो धरतो, आणि मिठाचा अंश असेल तर अधिक लवकर धरतो. त्याची वाईट खोड अशी की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, फुगतो, पापुद्रे सुटतात आणि त्या फटींतून ओल पुन्हा आत शिरते. म्हणजे जंगाचा थर खालच्या लोखंडाला झाकत नाही, उलट खात जातो. विळा, खुरपे, टिकास, सबल, वखराची पास यांवर तो राहू देणे म्हणजे पुढच्या हाताची सरळ चोरी आहे. उपायही महाग नाही. पाण्याने चिखल काढायचा, कोरड्या फडक्याने पुसायचे, थोडा वेळ उन्हात ठेवायचे आणि तेलाचा हात फिरवायचा. जवसाचे तेल वाळून पातळ कवच धरते, म्हणून लाकडी दांड्यालाही ते चांगले. सगळे मिळून एका विळ्याला पाच मिनिटे लागतात. हा विळा चमकणार नाही, काळपटच दिसेल. पण पुढच्या वर्षी कापेल.

पितळेची आणि तांब्याची गोष्ट वेगळी आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. हवेत राहून त्यावर जो तपकिरी काळसर थर येतो तो घट्ट बसतो आणि खालच्या धातूची झीज मंदावतो. दिसायला तो मळ, पण काम करतो पांघरुणाचे. मिठाने, घामाने किंवा आंबटाने जी हिरवी भुकटी धरते ती मात्र काढलीच पाहिजे, आणि खाण्याच्या भांड्यात ती दिसली तर त्यात काही खाऊ नये. आपल्या आज्या ताक, कढी किंवा आंबट वरण कल्हई गेलेल्या पितळेत ठेवू देत नसत. कळकेल म्हणून ओरडत. रसायनशास्त्र न शिकता त्यांना ते माहीत होते.

आणि आज घरोघरी असलेले स्टेनलेस स्टील? त्याची चमक ही सुद्धा एक पातळ थरच आहे. त्यातल्या क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन डोळ्यांना न दिसणारे कवच तयार होते आणि ओरखडा पडला तरी ते पुन्हा धरते. ज्याला आपण अगदी स्वच्छ, उघडा धातू समजतो तोही झाकलेलाच असतो! पूर्ण उघडा धातू या जगात फार काळ राहतच नाही.

तेव्हा शहाणपण यात आहे की खाणारा थर कोणता आणि राखणारा थर कोणता हे ओळखावे. सगळेच खरवडून काढणे म्हणजे स्वच्छता नव्हे.

उलट जास्त घासण्याने काय होते याची उदाहरणे थोडी नाहीत. रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात संत पेत्राचा काशाचा पुतळा आहे. शतकानुशतके यात्रेकरूंनी त्याच्या उजव्या पावलाला हात लावला, चुंबन घेतले. त्यामुळे ते पाऊल गुळगुळीत झाले आहे, बोटे जवळपास झिजून गेली आहेत. दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ आहे, साधारण 1600 वर्षांपूर्वीचा. त्यातील फॉस्फरसच्या जास्त प्रमाणामुळे त्याच्यावर राखणारा थर तयार झाला आणि इतक्या पावसाळ्यांतही तो जंगला नाही. कानपूरच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा सविस्तर अभ्यास केला होता. या खांबाला पाठ लावून हात मागे वळवून मिठी मारता आली तर नशीब उघडते असे लोक मानत. लाखो पाठी आणि हात घासून खालचा भाग चकचकीत झाला. अखेर 1997 साली त्याभोवती कुंपण घालावे लागले. जे ऊन-पावसाने केले नाही ते माणसांच्या मिठीने होऊ लागले होते.

मला या दोन उदाहरणांत फरक वाटतो. पेत्राचे पाऊल झिजले तरी पुतळ्याचे काम थांबले नाही. किंबहुना ते पाऊल पाहून कळते की इथे किती माणसे येऊन गेली. लोहस्तंभाची मिठी मात्र खांबासाठी नव्हती, स्वतःच्या नशिबासाठी होती. दोन्ही झीजच, पण मला तरी दोन्ही सारख्या वाटत नाहीत.

छंद असणाऱ्यांना हे लवकर कळते. आपल्यातल्या कोणाला जुनी नाणी जमवण्याचा नाद असेल तर त्याने ब्रासो लावून नाणे चमकवू नये, हे जाणकार त्याला पहिल्याच दिवशी सांगतात. घासलेल्या नाण्याची किंमत उतरते, कारण घासताना अक्षरांच्या कडा आणि मूळचा पृष्ठभाग जातो. जे इतिहास म्हणून हवे होते तेच आपण फडक्याला पुसून टाकतो. वरठीच्या पोलाद कारखान्यात किंवा कोणत्याही वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना माहीत असेल की मोजमापाचे गेज पॉलिश पेपरने घासत नाहीत, मऊ कापडाने पुसून तेल लावून ठेवतात. ते केसाच्या अंशाने जरी झिजले तरी वरून कितीही सुंदर दिसोत, खोटे बोलू लागतात.

पेटीचे उदाहरण तर आपल्या गायनवृंदाच्या अगदी जवळचे. हार्मोनियमच्या आत पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांच्या कंपनातून सूर निघतो. पट्टी टोकाकडे खरवडली की सूर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. पेटी दुरुस्त करणारा कारागीर याच गुणाचा उपयोग करून सूर लावतो. पण एखाद्या उत्साही माणसाने पेटी उघडून, पट्ट्या काळ्या दिसतात म्हणून पॉलिश पेपर चालवला तर? पेटी आतून झळकेल आणि रविवारच्या मिस्सेत तिच्याबरोबर कोणाला गाता येणार नाही. धूळ मऊ ब्रशने झाडावी, बाकी जाणत्या हातावर सोडावे.

आता जरा अवघड जागेकडे येतो.

पूर्वी लग्नात भांडी देत तेव्हा त्यावर नाव घालत. छिन्नीच्या टोकाने एकेक ठिपका ठोकून अक्षरे काढत. कोणी दिले, कोणाच्या लग्नात दिले, कोणत्या तारखेला दिले, सगळे त्या ठिपक्यांत असे. भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांसाठी नाव असलेले शहर, त्यामुळे आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या घरांत असे गुंड, पराती, गंज अजून सापडतात. तीस-चाळीस वर्षे रोज राखेने घासल्यावर त्या नावाचे काय होते? आधी काना-मात्रा जातात, मग ठिपके पुसट होतात. शेवटी उजेडात तिरके धरले तरच काहीतरी दिसते. ज्या आत्याने किंवा मामाने प्रेमाने भांडे दिले त्यांचे नाव आपण प्रेमानेच, रोज थोडे थोडे, पुसून टाकतो.

इथे माझी वर सांगितलेली कसोटी अपुरी पडते, हे मान्य केले पाहिजे. पुढच्या हाताला भांडे स्वच्छ हवे, हे खरे. पण पुढच्या हाताला हे भांडे कोणाकडून आले हेही कळायला हवे ना? भांडे न वापरता कपाटात ठेवले तर नाव राहते, पण मग ते भांडे राहत नाही. वापरले तर नाव जाते. मला वाटते वापरावेच. देणाऱ्याने ते कपाटासाठी दिले नव्हते, वरणासाठी दिले होते. पण नाव असलेल्या जागेवरून हात हलका फिरवावा, तिथे राख आणि तारेची घासणी लावू नये, मऊ कापड पुरे. चिंचेचा कोळ लावून रात्रभर ठेवू नये. आंबटाने जस्त निघून जाते आणि पितळेवर तांबूस चट्टे उठतात.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही. ती म्हणजे घासणारे हात कोणाचे?

घरात बहुतेक वेळा ते बाईचे असतात. नाताळ, ईस्टर, लग्न, पाहुणा, काहीही असो, चमक पुरुषाच्या नावावर आणि राखेने फुटलेली बोटे आईच्या किंवा सुनेच्या नावावर. संत बेनेडिक्टांच्या मठात स्वयंपाकघराची पाळी आळीपाळीने होती, हे इथे आठवावे. ज्याला चमक हवी त्याने घासणी हातात घ्यावी, इतका साधा न्याय घरात लागू करायला कोणाची हरकत नसावी.

घराबाहेर गोष्ट अधिक गंभीर आहे. दुकानात पितळेची जी वस्तू आरशासारखी झळकते ती आपोआप तशी झालेली नसते. ओतीव किंवा ठोकीव वस्तू कारखान्यातून निघते तेव्हा खडबडीत आणि काळपट असते. ती तेजाबात बुडवतात, मग वेगाने फिरणाऱ्या चाकावर धरून बफिंग करतात. त्या चाकावरून धातूची आणि पॉलिशच्या मसाल्याची बारीक धूळ उडते. चांगल्या कारखान्यात ती धूळ ओढून घेणारी यंत्रे आणि मास्क असतात. लहान शेडमध्ये तोंडाला बांधलेला रुमाल असतो. ती धूळ वर्षानुवर्षे छातीत साठते आणि माणूस दम लागून खंगतो. तेजाबाचे पाणी कुठे जाते, हा आणखी वेगळा प्रश्न.

एके काळी या कामात मुलेही होती. 10 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात बालमजुरीबद्दल निकाल दिला. बालमजुरीची चौकशी आधी ज्या 9 उद्योगांत सुरू व्हावी असे न्यायालयाने सुचवले, त्यांत शिवकाशीच्या काडेपेट्यांबरोबर मुरादाबादची पितळी भांडी होती. मुलाला कामाला लावणाऱ्या मालकाने प्रत्येक मुलामागे 20,000 रुपये कल्याण निधीत भरावेत असा आदेश झाला. पुढे 2016 साली कायद्यात दुरुस्ती होऊन 14 वर्षांखालील मुलांना, घरच्या व्यवसायात शाळा सांभाळून केलेली मदत आणि कलाक्षेत्र सोडले तर, सर्वच कामांत मनाई झाली. कायदा झाला, पण चकाकीची मागणी काही कमी झाली नाही.

मग पितळ घेऊच नये का? असे मी म्हणणार नाही. स्टेनलेस स्टील घरोघरी आल्यापासून पितळेचे गिऱ्हाईक आधीच घटले आहे. कल्हईवाल्याची हाक ऐकून किती वर्षे झाली ते वडीलधाऱ्यांना विचारा. गल्लीत भट्टी मांडायची, भाता चालवायचा, भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतून सगळीकडे चांदीसारखा थर पसरायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा आणि मुले भोवती उभी राहायची. आता त्या कामाला बोलावणारेच कमी, त्यामुळे करणारेही कमी. आपण पितळ घेणे थांबवले तर उरलेल्या कारागिरांची रोजीरोटी जाईल, आणि त्यांची छाती वाचवल्याचे पुण्य आपल्याला मिळणार नाही.

माझे मत असे की वस्तू घ्यावी, पण आरसा मागू नये. ठोक्यांच्या खुणा असलेले, किंचित मंद दिसणारे भांडे त्याच पैशात आनंदाने घ्यावे. दुकानदाराला विचारावे, पॉलिश कुठे होते? एका गिऱ्हाइकाच्या विचारण्याने काही होत नाही, पण दहाजणांनी विचारले तर तो प्रश्न शेडपर्यंत पोहोचतो. आणि जुने भांडे कल्हई करून वापरावे, त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत. कल्हईत चमक असते ती आत, जिथे अन्न असते तिथे. बाहेरून भांडे धुरकटच राहते.

हे लिहिताना चर्चमधल्या पात्रांची आठवण होते. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमध्ये 328 व्या परिच्छेदात नियम आहे की पवित्र पात्रे मौल्यवान धातूची असावीत आणि जंगणाऱ्या किंवा सोन्यापेक्षा कमी मोलाच्या धातूची असतील तर त्यांना सर्वसाधारणपणे आतून सोन्याचा मुलामा द्यावा. आतून! चषकाच्या बाहेरच्या नक्षीपेक्षा, जिथे प्रभूचे रक्त असते त्या आतल्या बाजूला ख्रिस्तसभेने महत्त्व दिले आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 23 व्या अध्यायात प्रभू येशूने थाळी-वाटीच्या आत-बाहेरचे जे उदाहरण शास्त्री-परूशांना दिले ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे, त्यावर मी वेगळे प्रवचन करत नाही. ते काम धर्मगुरूंचे.

पण इथे कोणी मला अडवेल आणि तसे अडवायलाच हवे. ईस्टरच्या रात्री वेदीवरच्या मेणबत्तीदाण्या झळकाव्यात, धूपपात्र उजळलेले असावे, ही केवळ डोळ्यांची हौस आहे का? संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात एका स्त्रीने महागडे सुगंधी तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा उपयोगाचा हिशोब मांडणारे लोक कुरकुरले होते आणि प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली होती. म्हणजे उपयोग हीच एकमेव कसोटी नव्हे. प्रेमाला थोडा जादा खर्च करण्याची मुभा असते.

हे मला पटते. सणासाठी केलेली चमक ही भेट आहे आणि भेटीला उपयोग विचारू नये. फक्त दोन गोष्टी पाहाव्यात. त्या स्त्रीने स्वतःचे तेल ओतले होते, दुसऱ्याचे नाही. तसे ज्याला वेदी उजळायची आहे त्याने शनिवारी संध्याकाळी स्वतः येऊन फडके हातात घ्यावे. दरवेळी त्याच तीन-चार बायका आणि बाकीचे मिस्सेला वेळेवर येऊन 'छान दिसते' म्हणणारे, असे नको. दुसरे, सण वर्षातून थोडेच असतात. दर आठवड्याला रसायन लावून तीच मेणबत्तीदाणी घासली तर नक्षी सपाट होते. एरवी मेण कोमट पाण्याने सोडवावे, मऊ कापडाने कोरडे करावे आणि तपकिरी रंग राहू द्यावा. मुलाम्याच्या वस्तूला तर पावडर लावूच नये. सोन्याचा थर फार पातळ असतो, दोन-चार सणांत निघून जातो आणि पुन्हा मुलामा देण्याचा खर्च सर्वांच्या वर्गणीतून होतो.

पूर्वजांनी चर्चला दिलेल्या वस्तूंवरही अनेकदा नावे असतात, कोणाच्या स्मरणार्थ, कोणत्या साली. तुमच्या घरच्या भांड्यांवरही असतील. पुढच्या वेळी घासायला बसण्यापूर्वी त्या नावावर पातळ पांढरा कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. ठिपके कागदावर उमटतात. तो कागद तारीख घालून कौटुंबिक कागदपत्रांत जपून ठेवा. चर्चच्या वस्तूचा असेल तर कार्यालयात द्या. नाव फारच पुसट झाले असेल तर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी कडेने, जमिनीला समांतर धरावी. सावलीत अक्षरे लागतात. ज्यांची नजर चांगली आहे अशा एखाद्या मुलाला जवळ बसवावे आणि वाचून झाले की ते कोण होते, हे त्याला सांगावे.